चोराने मागितलेली माफी

सॉल्टपाँड,
रविवार, चर्चहून आल्यावर

चि. एकोव यास,
थोरल्या बहिणीचे, म्हणजे अराबाचे, पोटभर आशीर्वाद.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तू, मेमुना आणि पोरं तिकडे टमालेत बरी असाल अशी मी समजूत करून घेते, कारण वर्षभरात तू ते कळवायची तसदी घेतलेली नाहीस. माझा गुडघा होता तसाच आहे. कोबिना मामांची साखर वाढली आहे आणि ती वाढलेली नाही असं ते प्रत्येकाला थांबवून सांगतात. बाजारातलं दुकान ठीक चाललंय. लोक मरायचे थांबलेले नाहीत, त्यामुळे काळं-तांबडं कापड खपतं. (असं बोलू नये, मला कळतं. पण शोकाचं कापड विकणाऱ्या बाईने लोकांच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना तरी किती मनापासून करायची?) तुमच्याकडे आता तो कोरडा वारा सुटला असेल, ओठ फुटत असतील, तर शियाच्या बियांचं लोणी लावत जा, लहानपणासारखा जिभेने चाटत बसू नकोस. झालं. पाहुण्याला देतात तसं पाणी दिलं, ख्यालीखुशाली झाली. आता आपल्या रीतीप्रमाणे तू विचारणार की ताई, काय काम काढलंस?

तर काम असं. मागच्या महिन्यात माझ्या नंबरावरून तुला व्हॉट्सॲपवर एक निरोप आला, त्यात मी तुझी माफी मागितली होती. ती मी मागितलेली नाही. एका चोराने मागितली. सबब ती माफी मी या पत्राने परत घेत आहे. तू मामांना कळवलंस म्हणे की ताईने माफी मागितली, आता मी आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला येतो. मामांनी ते भर चर्चमध्ये उभं राहून सांगितलं, बायकांनी डोळे पुसले, आणि माझी अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी झाली. तू यावंस असं मला वाटत नाही असं नाही. पण माझा भाऊ अख्खा देश उभा कापून येणार तो एका भामट्याच्या शब्दावर, हे मला गिळवत नाही. आलास की पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघशील, आणि खोटं बोलताना माझं तोंड कसं होतं ते तुला ठाऊक आहे.

हे फोनवर सांगता आलं असतं म्हणशील. पण माझ्या फोनवरून आलेल्या शब्दावर आता तू का विश्वास ठेवावास, आणि तुझ्या फोनवर गेलेला शब्द तूच वाचतोयस यावर मी तरी का ठेवावा? म्हणून हे हाताने लिहिलेलं पत्र. हे अक्षर कुठल्याही चोराला जमणार नाही, त्यासाठी लहानपणी माझ्यासारखा शाळेत मार खाल्लेला असावा लागतो. टमालेच्या बसचा ड्रायव्हर इसाहाकू ते तुझ्या हातात देईल, बरोबर धुरावलेल्या मासळीची टोपली देईल, आणि टोपलीतून वाटेत काही कमी झालं असेल तर त्याच्या मिशीचा वास घेऊन बघ.

आता चोराची गोष्ट पहिल्यापासून सांगते. बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि फोन वाजला. आवाज तरुण, पण काय ती रीत, काय तो नम्रपणा! आधी माझी तब्येत विचारली. मी गुडघा म्हटलं तर कुठला, डावा की उजवा, हेही विचारलं. मग मामांची चौकशी, मग दुकानाची, मग चर्चच्या गळक्या छपराची. एकोव, तू माझा सख्खा भाऊ, पण इतकी चौकशी तूसुद्धा कधी केली नाहीस. मी मनात म्हटलं, हा चोर असता तर मुद्द्यावर आला असता, चोराला कुठला एवढा वेळ? (आता कळलं की चोराला वेळच वेळ असतो. घाई असते ती आपल्याला.) मग तो आईबद्दल हळहळला. तिला साखरपाव आजी म्हणाला! तिचं माहेरचं नाव घेतलं, ती कुठल्या गावची ते सांगितलं, बायकांच्या मंडळाची ती अध्यक्ष होती ते सांगितलं, तिची जन्मतारीखसुद्धा बोलून दाखवली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. परक्या माणसाला आईचं साखरपाव हे नाव कुठून माहीत असणार? नक्की आपल्यातलाच.

हसू नकोस. मी ज्या खुर्चीत बसून हे मनात म्हणत होते तिच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडच्या भिंतीवर, आईच्या मयताचं पोस्टर वर्षभर चिकटलेलं आहे. नाव, माहेरचं नाव, लाडकं नाव, जन्म कधी, कुठे, मुलं कोण, कुठे राहतात, मुख्य शोक करणारे कोण, आणि सगळ्यात खाली, अधिक माहितीसाठी, माझा नंबर. रंगीत, पुरुषभर उंचीचं. बसस्टँडवर एक, चर्चच्या फाटकाला एक, शितोच्या तिखट चटणीच्या बरण्या विकणारीच्या टपरीवर एक. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, इथे कळसा डोळ्यांसमोर टांगलेला होता आणि मी म्हणत होते, बाई, याला कसं कळलं! आणि तो काही सॉल्टपाँडात उभा असेल असंही नाही. कुणीतरी त्या पोस्टरचा फोटो काढून फेसबुकवर टाकला असणार, आपल्याकडे टाकतातच, मयताची शोभा वाढते.

तर तो म्हणाला की मी तुमच्या घराण्यातल्या क्वान्सा आजोबांचा नातू, वर्षाच्या प्रार्थनेचं नवं पोस्टर करायचंय, त्यासाठी नावं गोळा करतोय. भलत्यांनी घुसखोरी करू नये म्हणून या वेळी प्रत्येकाच्या फोनवर सहा आकडी नंबर येतो, तो सांगायचा. आणि ज्याचा नंबर आधी मिळेल त्याचं नाव मुख्य शोक करणाऱ्यांत वर. इथे माझा तोल गेला. तुला आठवतं, आईच्या अंत्यविधीच्या पोस्टरवर आपल्या मावसबहिणीचं, अजोआचं, नाव माझ्या नावाच्या वर छापलं होतं? का, तर तिचा नवरा हेडमास्तर. आईचं अंथरूण-पांघरूण मी केलं, आणि वर नाव अजोआचं! मी चोराला एकच प्रश्न विचारला, की अजोआने तिचा नंबर दिला का. तो म्हणाला, त्यांना फोन लावतोच आहे, लागेलच आता. बस्स. इकडे माझ्या फोनवर सहा आकडे आले. त्यांच्याखाली स्वच्छ लिहिलं होतं की हा नंबर कुणालाही सांगू नका. ते मी वाचलं. चष्मा लावून वाचलं. मला वाटलं, अजोआला सांगू नका.

मी तो नंबर एकदा आपल्या फान्टीत सांगितला आणि एकदा इंग्रजीत, म्हणजे पोराच्या ऐकण्यात चूक नको. त्याने माझे आभार मानले, आईला शांती चिंतली, गुडघ्याला गरम मिठाची पिशवी शेकायला सांगितली आणि फोन ठेवला. (पिशवीने फरक पडला. जे खरं ते खरं.) व्हॉट्सॲपच्या दाराला आतून कडीही होती, ती एक पिन असते. चर्चच्या तरुण मंडळाने नाताळात आम्हा सगळ्या बायकांच्या फोनवर बसवून दिली होती. मी ठेवली होती आईची जन्मतारीख. चोराने ती मला विचारलीसुद्धा नाही. भिंतीवरची घेतली.

पुढच्या गिऱ्हाइकाला कापड मोजून देईपर्यंत माझ्या फोनने मला ओळखायचं सोडलं. आणि चोराने माझ्या नावाने लिहायला सुरुवात केली. काय लिहिलं ते तुला माहीतच आहे, पण एकदा इथे उतरवते, म्हणजे माझा संताप तुला समजेल. ‘प्रिय माणसा, किती दिवस मनात येतंय. माझ्या बोलण्याने तुझं मन कधी दुखावलं असेल तर मला माफ कर. आयुष्य थोडं आहे.’ मी असं बोलते का? ‘आयुष्य थोडं आहे’ हे मी फक्त गिऱ्हाइकाला म्हणते, तेही ठाण उलगडताना. आणि ‘प्रिय माणसा’! मी माझ्या नवऱ्याला, देव त्याला शांती देवो, कधी प्रिय म्हटलं नाही, आणि या हरामखोराने ते माझ्या गॅसवाल्याला म्हटलं. फोनमध्ये जेवढी नावं होती तेवढ्या सगळ्यांची एकाच दमात माफी. मग लोक विरघळले की थोड्या वेळाने दुसरा निरोप, की चुकून माझा सहा आकडी नंबर तुझ्या फोनवर आलाय, तेवढा पाठव गं. लोणी आधी, सुरी मागून.

मला यातलं काही ठाऊक नाही. मी फोन बिघडला म्हणून तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला (भिजला नव्हता, पण काहीतरी केलं पाहिजे ना) आणि सकाळी दार उघडलं तर समोर अबा मासेवाली, डोक्यावर टोपली, डोळ्यांत पाणी. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली की तिने मला माफ केलं, झालं गेलं समुद्राला मिळालं. कशाबद्दल माफ केलं? तर ईस्टरला मी तिच्या माशाला शिळा म्हटलं होतं त्याबद्दल. अरे, तो शिळाच होता! मांजर त्याच्याकडे पाठ करून बसलं होतं. पण ती टोपली ठेवून डोळे पुसत निघून गेली, आणि मासे या वेळी ताजे होते, म्हणून मी टोपली आत घेतली.

ती गेली नाही तोच क्वामेना शिंपी आला. त्याने माझ्या कबा-पोलक्याच्या दोन्ही बाह्या उलट्या लावल्या होत्या, मी दिवसभर हात वर केल्यासारखी मिरवणुकीत चालले, पोलिसाने मला विचारलं की बाई, तुम्हाला कुणी पकडलंय का, आणि त्याबद्दल मी ओरडले म्हणून तो मला माफ करायला आला! छाती काढून. माफ केल्यावर माणसं किती उंच होतात रे. दुपारी आपले गायनमास्तर ओटू आले. त्यांनी मला माफ केलं ते त्यांच्या आवाजाबद्दल मी जे म्हणाले त्याबद्दल. मी एवढंच म्हटलं होतं की मास्तर स्तोत्र इतक्या वर उचलतात की ते फक्त वटवाघळांना ऐकू जातं. पण हे मी त्यांच्या पाठीमागे म्हणाले होते, त्यांना कुणी सांगितलं? ते शोधण्यात माझा संध्याकाळपर्यंतचा वेळ गेला. (अजोआने सांगितलं.)

आणि शेजारच्या श्रीमती फोर्सन! त्या आल्या, माझे दोन्ही हात धरले आणि हुंदके देऊ लागल्या की अराबा, तू एवढी मोठ्या मनाची, आता मलाही पोटात ठेवणं जड झालं. मागल्या पावसाळ्यात नाहीसा झालेला माझा कोंबडा त्यांनीच कापून सूपमध्ये घातला होता. पाहुणे आले होते म्हणे. एकोव, मी त्या कोंबड्यासाठी तीन गल्ल्यांतल्या पोरांना शिव्याशाप दिले, आणि तो भिंतीपलीकडे फुफूच्या गोळ्यांबरोबर पोटात गेला होता! पण बाई रडत होत्या, मी माफी मागितलेली बाई ठरले होते, आता भांडायचं तरी कुठल्या तोंडाने? मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या हाताला अजून ते खरं वाटत नाही.

सगळ्यात मोठा घोळ कोबिना मामांचा. आईचा फोन आता मामा वापरतात हे तुला माहीत नसेल. माझ्या फोनमध्ये आईचा नंबर अजून ‘आई’ म्हणूनच आहे, मला तो पुसवत नाही. तेव्हा चोराने आईचीही माफी मागितली. मामा नाश्त्याला बसले होते, त्यांच्या एका फोनवर माझी एक माफी आली आणि आईच्या फोनवर दुसरी. ते काठी टेकत इथवर चालत आले, खुर्चीत बसले, श्वास घेतला आणि म्हणाले, “माझ्याकडून मी माफ केलं. तुझ्या आईकडून, एफुआकडून, पण केलं. ती असती तर आधी दोन शिव्या दिल्या असत्या, त्या मी देत नाही.” तेवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, का ते विचारू नकोस, मला तेव्हा चोराबिराचं काही माहीत नव्हतं.

एवढं सगळं होईपर्यंत गायनमंडळात साथ पसरली होती. ओटू मास्तरांनी माझ्या मायेने गहिवरून त्यांचा नंबर चोराला देऊन टाकला, मग चोराने मास्तरांच्या नावाने सगळ्या मंडळाची माफी मागितली, मग त्यांच्यातल्या अर्ध्याजणींनी मास्तरांना नंबर दिले, आणि चोराने त्यांच्या नावाने उरलेल्यांची माफी मागितली. त्या रविवारी आमच्या चर्चमध्ये जे गाणं झालं तसं आजवर झालेलं नाही. वरच्या पट्टीच्या आणि खालच्या पट्टीच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून गात होत्या. पाद्रीसाहेबांनी प्रवचनच माझ्यावर केलं, मला उभं राहायला सांगितलं आणि म्हणाले की एका स्त्रीच्या नम्रतेने हे गाव बदललं. मी उभी राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तर मी काय बसून राहू? चर्च सुटल्यावर बाहेर सगळ्यांनी फोन काढले तेव्हा कुणाचाच फोन कुणाला ओळखेना, आणि मग बोंबाबोंब झाली.

सोमवारी आम्ही सगळ्याजणी आणि ओटू मास्तर केप कोस्टला फोनवाल्यांच्या कचेरीत गेलो, अख्खी एक ट्रोट्रो गाडी भरून. काउंटरवरची मुलगी तिखट होती. तिने आम्हाला शाळेतल्या पोरींसारखं ओळीत उभं केलं आणि एकेकीला विचारलं की पिन काय ठेवला होता. मी आईची जन्मतारीख, श्रीमती फोर्सननी त्यांच्या यजमानांची, ओटू मास्तरांनी त्यांच्या वडिलांची. ती डोक्याला हात लावून म्हणाली की तुमच्या गावात भिंती वाचता आल्या की सगळी कुलपं उघडतात. मग तिने समजावलं ते मी तुला सांगत बसत नाही, तू कॉलेजात पोरांना तेच शिकवतोस. पण माझ्या शब्दांत एवढंच, की ते सहा आकडे म्हणजे घराची किल्ली, ती मागणारा पाद्री असो, नातू असो की स्वतः फोन कंपनी असो, द्यायची नाही. चांगला माणूस ती मागतच नाही. मागितली की समजावं, मुखवटा आहे. आणि ओळखीच्या माणसाने फोनवर काही मागितलं तर त्याच्या आवाजात, नाहीतर त्याच्या दारात जाऊन, एकदा खात्री करावी. हे सगळं आईलाही माहीत होतं. रात्री दार ठोठावलं तर ती आधी विचारायची कोण, मग पुन्हा विचारायची कोण, आणि मग खिडकीतून बघायची. आम्ही फोनला दार समजलोच नाही.

त्या मुलीने चोराला बाहेर काढून दिलं, पण जाताना त्याने स्वतःचा पिन बसवून ठेवला होता, म्हणून आठवडाभर मलाही आत जाता येईना. तो आठवडा मी कामाला लावला. मी घरोघरी जाऊन माझ्या माफ्या परत घेतल्या. लोकांना वाटतं माफी मागणं अवघड. परत घेऊन बघ म्हणावं! अबाला सांगितलं की मासा शिळाच होता. ती म्हणाली मग टोपली परत कर. ती तर खाऊन झाली होती. क्वामेनाला बाह्यांसकट कबा नेऊन दाखवला, तो दोन इंचांनी बुटका झाला. ओटू मास्तरांना म्हटलं, आता तोंडावर सांगते, वटवाघळं. श्रीमती फोर्सनकडे जाऊन मी माझी माफी परत घेतली आणि त्यांचा कबुलीजबाब मात्र ठेवून घेतला; त्या म्हणाल्या हे बरोबर नाही, मी म्हटलं कोंबडा तरी कुठे बरोबर होता. आता आम्ही भिंतीच्या दोन बाजूंनी पुन्हा पूर्वीसारख्या बोलतो. पाद्रीसाहेब म्हणाले की प्रवचन काही परत घेता येत नाही, ते मी मान्य केलं. गावात सगळं पूर्ववत झालं, गाणंसुद्धा.

राहिलास तू. तुझ्याबाबतीत मला वाटलं होतं, सोपं काम, तू कॉम्प्युटर शिकवतोस, तुला पहिल्या ओळीतच कळलं असेल. मामांना तू जे सांगितलंस ते निव्वळ येण्याचं निमित्त असेल. मग परवा मेमुनाचा फोन आला, तिच्या नंबरावरून. तिने सांगितलं की तुझाही फोन गेला, आणि चोराने तुझ्या नावाने अख्ख्या वर्गाची माफी मागितली, आता पोरं मार्क वाढवून मागायला दाराशी उभी असतात. मला इतकं हसू आलं की मी ठाणावर पडले. फळ्यावर रोज लिहून देणारा मास्तर, त्यानेच नंबर दिला! मेमुना हसली नाही. ती म्हणाली, “ताई, तो तुमचा निरोप वाचून उठला, अंगणात गेला, परत आला, पुन्हा वाचला. नंतर नंबर मागणारा निरोप आला तो त्याने नीट बघितलासुद्धा नाही. ताईने मागितलाय म्हणाला, आणि देऊन टाकला. आता त्याला सगळं कळलंय, पण म्हणतो, दुसरा निरोप चोराचा. पहिला ताईचाच.”

एकोव, पहिलाही चोराचाच रे. वेड्या, एवढा शिकलास, चोर काय दोन निरोपांच्या मधे आत शिरतो? मला तुझी कीव आली आणि तुझा रागही आला, आणि मग दुकानात गिऱ्हाईक असताना मला इतकं भरून आलं की त्या बाईला वाटलं तिच्या घरच्या मयताचंच मला वाईट वाटतंय. तिने माझं सांत्वन केलं. म्हणूनच हे पत्र. तुझ्या त्या पोस्टरच्या बाबतीत माझं म्हणणं वर्षापूर्वी होतं तेच आज आहे. मी नावं तपासून दिली होती तेव्हा तू मुलांत होतास, माझ्या खाली, तुझ्या जागेवर. मांकेसिमच्या छापखान्यात वीज गेली, त्या माणसाने सगळं पुन्हा जुळवलं आणि तुला जावयांच्या रकान्यात टाकलं. तू जावई आहेस, पण मेमुनाच्या घरचा, आईच्या पोस्टरवर नव्हे, हे मला कळत नाही का? तू न जेवता, रविवारच्या प्रार्थनेला न थांबता बसमध्ये जाऊन बसलास, आणि मी हातात तुझं ताट घेऊन फाटकात उभी. चूक छापणाऱ्याची होती. माझी नव्हती. सबब, वर लिहिल्याप्रमाणे, ती माफी मी मागितलेली नाही, हे तुला लेखी कळवलं आहे. आता यायचं की नाही ते तू ठरव. मेमुनाला आणि पोरांना माझी माया सांग.

तुझी थोरली बहीण,
अराबा एसुमन

ता.क. मासळीची टोपली रिकामी परत पाठवू नये. मामांना तिकडच्या जाड विणीचा, अंगभर येईल असा झगा हवा आहे, ते स्वतः सांगणार नाहीत. शियाचं लोणी माझ्या गुडघ्यासाठी. हे सगळं इसाहाकूच्या हाती देऊ नकोस, तो अर्धं वाटेत विकतो. कुणीतरी घरचं माणूस घेऊन आलेलं बरं.

ता.क. माझा नवा पिन काय ठेवला ते तुला लिहिणार होते, अर्धं वाक्य लिहूनही झालं होतं, मग आठवलं आणि खोडलं. उजेडासमोर धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, वरून शाई ओतली आहे. एवढंच सांगते की तो कुठल्याच भिंतीवर सापडणार नाही.

ता.क. आईच्या वर्षाच्या प्रार्थनेचं पोस्टर अजून छापायला दिलेलं नाही. त्यावर जन्मतारीख नसेल, माहेरचं नाव नसेल, नंबर नसेल. नुसता फोटो, साखरपाव आजी एवढंच, आणि खाली मुलांची नावं. छापणाऱ्याला मी सांगितलंय की माझा भाऊ स्वतः येऊन, नावांवर बोट ठेवून वाचेल, तोवर मशीनला हात लावायचा नाही. मग तो दिवस लांबला तरी चालेल. मामा म्हणतात, पोस्टरशिवाय प्रार्थना व्हायची कशी. मी म्हटलं, मग नाही व्हायची.

ता.क. हे शेवटचं, इसाहाकू हॉर्न वाजवतोय. अबाची माफी मी परत घेतली, शिंप्याची घेतली, मास्तरांची, श्रीमती फोर्सनची, गॅसवाल्याचीसुद्धा घेतली. तुझी घेतली असं वर लिहिलंय खरं, पण ते खोडायला आता वेळ नाही, म्हणून इथे लिहिते. चूक माझी नव्हती, हे मी मरेपर्यंत म्हणेन. तुझी माफी मात्र परत घेत नाही. ती ठेव.